विचार बंद होणार नाहीत, खातरजमा बंद करता येईल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय 32. नोकरी बरी चाललीय, घरात कुणी आजारी नाही, कुणाचं देणं नाही. तरी गेलं वर्षभर डोक्यात ‘असं झालं तर?’ चालूच असतं. नोकरी गेली तर, आईला काही झालं तर, मुलीला शाळेतून येताना काही झालं तर, मलाच एखादा मोठा आजार असला तर. छातीत धडधडतं म्हणून दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. घरचे म्हणतात, ‘तू फार विचार करतोस, पॉझिटिव्ह राहा.’ ध्यान करून पाहिलं, तर डोळे मिटल्यावर तेच विचार आणखी जोरात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘पुढे काय होणार हे माहीत नाही याचीच भीती वाटते. हे विचार कायमचे बंद कसे करायचे? औषध घेतलं तर ते जन्मभर घ्यावं लागेल का?’

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि चिंतेची तक्रार घेऊन येणारी माणसं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: विचार कायमचे बंद करता येत नाहीत, आणि ते बंद करायच्या खटपटीतूनच अर्धा त्रास होतो. पण तुमचं जे चाललंय ते बरंच कमी होऊ शकतं. त्यासाठी प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागेल.

तुमचंच वाक्य बघा: ‘माहीत नाही याचीच भीती वाटते.’ म्हणजे नोकरीची भीती, आईची काळजी, मुलीची काळजी, आजाराची धास्ती हे वेगवेगळे चार प्रश्न नाहीत. चारही ठिकाणी तुम्हाला एकच गोष्ट सोसवत नाहीये, ती म्हणजे अनिश्चितता. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात सततच्या चिंतेवर जे काम केलं, त्याचा गाभा हाच होता. सतत चिंता करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात संकटं जास्त असतातच असं नाही. ‘नक्की सांगता येत नाही’ ही अवस्था मात्र त्याला इतरांपेक्षा फार जड जाते.

आणि ती जड जाणं अगदी माणसासारखंच आहे. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांना एक कॉम्प्युटर गेम खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका बसणार हे पक्कं माहीत होतं तेव्हा नव्हे. शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा. घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार, लोकांनी स्वतः सांगितलेला ताण, सगळ्यांतून तेच दिसलं. आपण उगाच म्हणत नाही, ‘एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे.’ जीव टांगणीला लागण्यापेक्षा वाईट बातमी परवडली, असं वाटणारे तुम्ही एकटे नाही.

आता माझा अंदाज सांगते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण ईसीजी दोनदा काढलात यावरून वाटतं की दिवसभरात अशी बरीच छोटी-छोटी कामं तुम्ही करत असणार. मुलगी पोचली का हे विचारायला फोन. आईचा आवाज जरा बारीक वाटला की पुन्हा फोन. साहेबांनी ‘जरा येऊन भेट’ म्हटलं की सहकाऱ्याला, ‘काही ऐकलंस का?’ रात्री लक्षणं टाइप करून सर्च. मनगटावर स्मार्टवॉच असेल तर ठोक्यांवर नजर, नसेल तर बोटानं नाडी. आणि बाहेरून कुणालाच न दिसणारं एक काम: मनातल्या मनात तालीम. नोकरी गेली तर आधी कुणाला सांगायचं, घरचा खर्च कसा भागवायचा, काय बोलायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्याला मी खातरजमा म्हणते. विचार आला की तो खरा नाही ना, याची खात्री करून घ्यायची. खात्री झाली की जीव भांड्यात पडतो. गोची इथेच आहे. तो पडतो म्हणूनच पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तेच करता. मेंदूला इतकंच कळतं की फोन केला म्हणून बरं वाटलं, म्हणजे धोका खरा होता आणि फोननं तो टळला. फोन न करताही मुलगी सुखरूप घरी आलीच असती, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. खाज आल्यावर खाजवण्यासारखं आहे हे: त्या क्षणी सुख असतं, म्हणून हात पुन्हा तिकडेच जातो आणि जागा चिघळत राहते. दुसरा ईसीजी काढलात, कारण पहिल्याचा दिलासा ओसरला होता. तिसराही असाच ओसरेल.

मनातल्या तालमीबद्दल एक वेगळी गोष्ट. बहुतेक चिंताळू माणसांना आतून वाटत असतं की चिंता उपयोगाची आहे. ‘आधीच विचार करून ठेवला की धक्का बसणार नाही.’ ‘मी काळजी करणं सोडलं तर म्हणजे मी बेफिकीर बाप.’ पहिली भेट झाली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी हे मुद्दाम विचारते, कारण हा समज तसाच राहिला तर बाकीचे उपाय वरवरचे ठरतात. काळजी घेणं आणि काळजी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीला रस्ता ओलांडायला शिकवणं, शाळेत तुमचा नंबर असणं, ही झाली घेतलेली काळजी. दुपारी तीन वाजता ऑफिसात बसून अपघाताचं चित्र रंगवल्यानं तिच्या सुरक्षिततेत काडीचीही भर पडत नाही.

‘मग विचार झटकून टाकू का?’ नको. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचं पांढऱ्या अस्वलाचं संशोधन 1987चं. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलेल्या लोकांच्या डोक्यात ते अस्वल पुन्हा पुन्हा आलं, आणि बंदी उठल्यावर तर बंदी नसलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं. तुमच्या ध्यानाचं हेच झालं असणार. तुम्ही मन रिकामं करायला बसलात आणि दर मिनिटाला ‘झालं का रिकामं?’ म्हणून डोकावून बघितलंत. ध्यान वाईट नाही, पण विचार घालवायचं हत्यार म्हणून ते हातात घेतलंत तर उलटतं.

विचित्र, भलतेसलते, लाज वाटावी असे विचार येत असतील तर त्यांच्याबद्दलही सांगून ठेवते, कारण लोक ते बोलत नाहीत. मुलाला आपल्याच हातून इजा झाली तर, पुलावरून उडी मारली तर, असे विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. रॅकमन आणि डी सिल्वा यांनी 1978 साली हे दाखवलं. विचार तेच असतात. फरक पडतो तो आपण त्यांना किती अर्थ चिकटवतो आणि त्यांच्यामागे किती धावतो यानं.

आता करायचं काय. मी ज्या क्रमानं काम करते तो सांगते. तुमच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे होईल.

सुरुवातीचा आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. चिंता आली की एक ओळ लिहायची: काय वाटलं आणि त्यावर मी काय केलं. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. लोक चिंता पानभर लिहितात आणि ‘मग मी बायकोला तीनदा विचारलं’ हे लिहायचं विसरतात, कारण ते त्यांना स्वाभाविक वाटतं.

मग प्रत्येक चिंतेला एक प्रश्न: यावर आज किंवा या आठवड्यात करण्यासारखं ठोस काही आहे का? ‘कंपनीत कपात होईल’ या चिंतेत दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. बायोडेटा जुना झालाय, हे करण्यासारखं आहे. तो बसून नवा करा आणि ते काम संपवा. ‘तरीही काढलं तर?’ याला आज उत्तर नाही. पहिल्या प्रकाराला उपाय चालतो. दुसऱ्या प्रकाराला कितीही उपाय शोधा, प्रत्येक उत्तराला ‘आणि तेही फसलं तर?’ हे शेपूट असतंच. तुम्ही लिहिलेल्या त्या चार चिंतांपैकी आजाराची सोडली तर तिन्ही बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या आहेत. आजाराचीही डॉक्टरांनी तपासल्यानंतर तशीच झालीय.

दुसऱ्या प्रकारच्या चिंतेसाठी वेळ ठरवून द्यायची पद्धत मला उपयोगी वाटते. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली ती मांडली: रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास फक्त चिंता करायची. दिवसभरात चिंता आली की एका शब्दात टिपायची, ‘आई’, ‘नोकरी’, आणि ‘संध्याकाळी सहाला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे परत यायचं. सहा वाजता खरोखर बसायचं. टिपलेली यादी काढायची आणि मनापासून चिंता करायची. ऐकायला हे पोरकट वाटतं. बहुतेकांना दहा मिनिटांत कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच बरंच काही शिकवून जातो. दोन पथ्यं: ही वेळ झोपायच्या आधीची नसावी आणि जागा अंथरूण नसावी. रात्री अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटं डोकं फिरत राहिलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि झोप आली की परत या. अंथरुणाची आणि चिंतेची सांगड बसू देऊ नका.

पण हे सगळं पूर्वतयारी म्हणा. खरा बदल पुढच्या भागात होतो, आणि लोक नेमकं तिथेच कच खातात.

माहीत नसणं सहन करायची सवय थोडी-थोडी, ठरवून लावायची. एका बाईंचं उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. प्रत्येक मेल पाठवण्यापूर्वी त्या पाच-सहा वेळा वाचायच्या, पाठवल्यावर ‘सेंट’मध्ये जाऊन पुन्हा वाचायच्या. साध्या दोन ओळींच्या मेलला अर्धा तास. आम्ही ठरवलं की रोज एक बिनमहत्त्वाचा मेल फक्त एकदा वाचून पाठवायचा आणि ‘सेंट’ उघडायचं नाही. पाठवण्याआधी वहीत लिहायचं: काय होईल असं वाटतंय, आणि अस्वस्थता शंभरात किती. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘चूक सापडेल, सगळ्यांना सीसी करून झापतील, 80.’ दहा मिनिटांनी आकडा 85 झाला. तासाभरानं 50. दुपारी जेवताना लक्षात आलं की मेलचा विषय डोक्यातून गेलाच होता. उत्तर आलं होतं: ‘ओके, थँक्स.’

असे काही दिवस गेल्यावर खरंच एक चूक झाली. फाइल भलतीच जोडली गेली. सहकाऱ्यानं लिहिलं, ‘फाइल चुकलीय बहुतेक’, यांनी बरोबर फाइल पाठवली, विषय संपला. मला विचाराल तर आमच्या सगळ्या प्रयोगांत हा सगळ्यात मोलाचा ठरला. तोवर त्या ‘चूक होत नाही’ एवढंच शिकत होत्या. त्या दिवशी ‘चूक झाली तरी मी निस्तरू शकते’ हे शिकल्या. चिंताळू माणूस धोका मोठा करून बघतो हे तर आहेच, पण स्वतःची निभावून नेण्याची ताकद तो त्याहून जास्त कमी लेखतो.

तुमच्यासाठी मी पायऱ्या अशा लावेन. सगळ्यात सोपी पायरी: स्मार्टवॉच वापरत असाल तर आठवडाभर कपाटात. नंतर आईला दिवसातून ठरलेल्या वेळी एकच फोन, आणि आवाज बारीक वाटला तरी दुसरा नाही. मग लक्षणांचं सर्चिंग बंद. शेवटी, मुलगी पोचल्याचा निरोप न मागता एक दुपार काढणं. खालची पायरी अंगवळणी पडल्याशिवाय वरची घेऊ नका. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहा, नंतर काय झालं ते लिहा. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सततच्या चिंतेचा विकार असलेल्या 29 जणांनी अशाच नोंदी ठेवल्या. त्यांच्या 91 टक्क्यांहून जास्त चिंता खऱ्या ठरल्या नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. पण हा आकडा मी दिलासा म्हणून देत नाहीये, नाहीतर उद्या तुम्ही त्याचीही खातरजमा करत बसाल. तुमच्या वहीतला तुमचा आकडा तुम्हाला जास्त पटेल.

यात एक खबरदारी. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढते. म्हणजे उपाय चुकला असं नाही, खातरजमेची सवय सुटताना असंच होतं. त्या वेळी ‘काही होणार नाही’ असं स्वतःला समजावू नका, कारण तीही खातरजमाच. मी शिकवते ते वाक्य रुक्ष आहे: ‘होईलही, नाहीही. आत्ता कळायला मार्ग नाही.’ एवढं म्हणायचं आणि हातातलं काम सुरू ठेवायचं. श्वास हळू सोडला, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, तर शरीर थोडं सैलावतं. तेवढ्यापुरता त्याचा उपयोग करा.

घरच्यांना हे दाखवा. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका आणि ‘अरे काही नाही रे, सगळं ठीक आहे’ असंही पुन्हा पुन्हा म्हणू नका, असं सांगा. त्याऐवजी ते म्हणू शकतात, ‘तुला भीती वाटतेय हे कळतंय. पण याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय.’ हे प्रेमानं आणि आधी ठरवूनच करायचं, अचानक केलं तर भांडण होतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. वर जे सांगितलं ते तुमच्या लिहिण्यावरून सततच्या चिंतेचा विकार, म्हणजे जीएडी, असावा, या अंदाजानं. त्यात साधारण सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी चिंता असते आणि जोडीला अस्वस्थपणा, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं, झोप बिघडणं यांपैकी काही. जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात 21पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांना भेटावं. मात्र ती चाळणी आहे, निदान नव्हे. हात धुणं, मोजणं, कुलूप तपासणं असं काही ठरावीक पद्धतीनं करावंच लागत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि उपचारही थोडे वेगळे. कशातच रस उरला नसेल तर नैराश्य आधी बघावं लागतं. आणि तुमच्या भोवतालची परिस्थिती खरंच वाईट असती, घरात मारहाण असती, नोकरी जायची नोटीस हातात असती, तर मी खातरजमेवर बोलण्याआधी त्या संकटावर बोलले असते.

शरीराची तपासणी एकदा, नीट व्हावी. ईसीजी झाला, थायरॉइड तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, कारण थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, थरथर, बेचैनी हुबेहूब चिंतेसारखी दिसते. रक्त कमी असणं, दम्याची काही औषधं, भरपूर कॉफी यांनीही धडधड होते. ही तपासणी एकदाच. डॉक्टरांनाच विचारून ठेवा की नव्यानं कुठलं लक्षण दिसलं तर परत यायचं; त्याव्यतिरिक्त जायचं नाही.

औषधांबद्दल. मी औषधं लिहून देत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं, पण माझ्याकडे येणारे बरेच जण ती घेतात म्हणून सांगते. पहिली निवड बहुधा एसएसआरआय या नैराश्यावर आणि चिंतेवर देतात त्या गोळ्यांच्या गटातली, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या काही दिवसांत बेचैनी थोडी वाढू शकते. हे आधी माहीत नसलं की लोक चौथ्या दिवशी गोळी सोडून देतात. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. म्हणजे जन्मभर घ्यावीच लागतात असं नाही, आणि मनानं एकदम बंद करायची नाहीत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी अर्ध्या तासात बरं वाटतं, पण त्यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांपुरत्या आणि देखरेखीखालीच. शिवाय ‘खिशात गोळी आहे म्हणून मी बाहेर पडू शकलो’ असं झालं की तीसुद्धा खातरजमेच्या यादीत जाते.

तुमचं काम चालू आहे, घर चालू आहे, त्यामुळे मी आधी चार-सहा आठवडे वहीचा आणि पायऱ्यांचा प्रयत्न करायला सांगेन, शक्यतो सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती, वापरणाऱ्या कुणाच्या मदतीनं. बारा ते सोळा भेटींत बहुधा अंदाज येतो. पहिल्या भेटीत विचारा, ‘दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मी घरी काय करायचं?’ याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे चौकशी करायला हरकत नाही. झोप पार उडाली, कामावर जाणं जमेना, चिंता दाबायला दारू लागायला लागली तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना लगेच भेटा. आणि जगणं नको असा विचार मनात आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालयात जा किंवा मदतवाहिनीला फोन करा. तिथे वही आणि पायऱ्या बाजूला.